गुलमोहर गाडीवर पडला त्या संध्याकाळपासून क्लेमच्या शेवटच्या रुपयापर्यंत

संध्याकाळचे पाच चाळीस. वेळ इतकी नेमकी लक्षात आहे, कारण पुढच्या दीड महिन्यात ती मी निदान सात ठिकाणी लिहून दिली. 2024 चा मे महिना, पुण्यातली आमची जुनी सोसायटी. दुपारपासून उकाडा होता, चारनंतर आभाळ दाटून आलं आणि वळवाच्या पावसाआधी सुटतो तसा वारा सुटला. धुळीचा लोट आला, लाइट गेले आणि पाठोपाठ खालून आवाज आला. कडकडाट नव्हे, दाणकन आपटल्याचाही नव्हे. आधी माती फाटल्यासारखा दबका आवाज, मग काच.

फाटकाबाहेरच्या फुटपाथवर उभा असलेला गुलमोहर मुळासकट आडवा झाला होता. जुने रहिवासी म्हणतात की झाड चाळीसएक वर्षांचं होतं. त्या दिवशी ते ऐन फुलोऱ्यात होतं. खाली दोन गाड्या सापडल्या. पुढची माझी, नोव्हेंबर 2019 ची पेट्रोल हॅचबॅक. मागची तळमजल्यावरच्या काकांची, 2011 ची. माणूस कोणीही सापडलं नाही. यापुढे जे काही लिहिलं आहे त्याच्याआधी हे वाक्य वाचावं.

दोन्ही गाड्यांवर एकच झाड, एकाच क्षणी पडलं. नुकसानाची जातही सारखीच होती. तरी शेवटी दोघांच्या हाती आलं ते अगदी वेगळं. हा फरक कुठून पडला ते नीट मांडून ठेवावं म्हणून हे लिहितो आहे. माझ्या मते तो तीन जागी पडला: पॉलिसी घेताना, पहिल्या तासात, आणि झाड पडण्याच्या कितीतरी आधी, जेव्हा कोणीतरी एक अर्ज लिहायला हवा होता.

पहिला तास

माझा भाचा त्या दिवशी आमच्याकडे होता. त्याची लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर होती. पाऊस सुरू झाला तसा तो छत्री घेऊन धावत सुटला. "मामा, मागचं दार उघडतंय, बॅग तेवढी काढतो." मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. फांद्यांच्या गर्दीतून एक काळी तार खाली लोंबत होती आणि बॉनेटच्या पत्र्याला टेकली होती.

ती तार इंटरनेटची निघाली. पण हे आम्हाला पाऊण तासानं कळलं, आणि लांबून बघून ते कळणं शक्यही नव्हतं. आमच्याकडे एकाच खांबावरून विजेची सर्व्हिस वायर, रस्त्यावरच्या दिव्यांची तार आणि केबलवाल्यांच्या वायरी जातात. लाइट गेलेत म्हणजे तार मेली, असं तर मुळीच समजू नये. पुरवठा पुन्हा चालू करून बघितला जाऊ शकतो, कोणाच्या घरचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर उलटा वीज सोडू शकतो. तेव्हा झाडाबरोबर तार आली असेल तर गाडीला, झाडाला आणि भोवतीच्या पाण्याला कोणीही हात किंवा पाय लावायचा नाही. महावितरणच्या 1912 वर फोन करायचा, लाइनमन "बंद केलं" म्हणेपर्यंत थांबायचं. अग्निशमन दलाचा 101 त्याच वेळी लावायचा.

गाडीत कोणी बसलेलं असेल आणि तार गाडीवर पडली असेल तर त्यानं आतच बसून राहावं, कुठल्याही धातूला हात न लावता. बाहेर पडणं भाग पडलं, म्हणजे समजा धूर निघू लागला, तर पत्रा आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होता कामा नये. दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय जमिनीवरून न उचलता, घासत घासत लांब जायचं. जमिनीत वीज उतरलेली असते तेव्हा पावलापावलाला दाब बदलतो. टांग टाकली की एका पायातून वर आणि दुसऱ्यातून खाली प्रवाह जायला वाट मिळते. माणूस जखमी असेल तर 108. मान किंवा पाठ दबली असेल तर आपण ओढून काढायचं नाही, फक्त बोलत राहायचं.

आमच्याकडे हे काही घडलं नाही, त्यामुळे दुसरीच घाई सुरू झाली. रस्ता अडला होता, मागे हॉर्न वाजत होते. सोसायटीतली चार मुलं आणि वॉचमन फांद्या ओढायला लागले. मदतीचीच भावना होती, पण मी त्यांना थांबवलं. दोन कारणं होती. एक म्हणजे आडवं पडलेलं झाड निवांत नसतं, त्याच्या काही फांद्या गाडीवर वाकून ताणात असतात. नको ती फांदी सुटली की ती धनुष्यासारखी उसळते किंवा बुंधा अजून खाली बसतो. नंतर अग्निशमन दलाच्या जवानांनी कटर चालवलं तेव्हा ते बघण्यासारखं होतं. आधी शेंड्याकडचा पाला आणि बारीक फांद्या उतरवून वजन कमी केलं, मग एकेक जाड फांदी दोघांनी खालून धरून कापली, आणि बुंध्याला सगळ्यात शेवटी हात घातला.

दुसरं कारण फोटोंचं. झाड एकदा गाडीवरून उचललं की ते गाडीवर पडलं होतं हे सांगायला फक्त आपली जीभ उरते. मी आधी चारही बाजूंनी, लांबून, सगळं एका चौकटीत येईल असे फोटो काढले. मग गाडीची नंबरप्लेट आणि झाड एकत्र दिसेल असे. मग काच, टप, बॉनेट. मग एक सलग व्हिडिओ, ज्यात फाटकावरचं सोसायटीचं नाव येतं. आणि शेवटी, वीज बंद झाल्याची खात्री झाल्यावर, झाडाच्या बुडाशी गेलो.

तिथे जे दिसलं ते मी अजून विसरलेलो नाही. मुळांचा गड्डा उभा राहिला होता, माझ्या छातीपर्यंत येईल एवढा. सोसायटीच्या बाजूची मुळं फाटली होती, त्यांचे पांढरे, ओले धागे लोंबत होते. रस्त्याच्या बाजूची तीन मुळं, त्यातलं एक माझ्या मनगटाएवढं जाड, सपाट कापलेली होती. कापलेली टोकं काळी पडली होती, एकाला बोट लावलं तर भुगा निघाला. त्या बाजूनं वर्षभरापूर्वी चर खणला गेला होता. वरून पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवून बसवले होते, इतके की खोड जाड होताना दोन ब्लॉक वर उचलले गेले होते. म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायला ज्या बाजूची मुळं लागतात, ती त्या झाडाला वर्षभर नव्हतीच.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. आपण तो सावलीसाठी आणि फुलांसाठी रस्तोरस्ती लावला. पसरट छत्री, ठिसूळ लाकूड आणि फार खोल न जाता आडवी धावणारी मुळं ही त्याची ठेवण. मे महिन्यात फुलं, वाळलेल्या लांब शेंगा आणि नवी पालवी या सगळ्याचं वजन वर असतं, त्यात पाऊस भरतो. मोकळ्या मैदानात हे झाड वादळं झेलतं. मुळं छाटून भोवती सिमेंट भरलं की त्याच्याकडून तीच अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

मी त्या कापलेल्या टोकाशेजारी कंपासातली पट्टी धरून फोटो काढले. का काढले ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

अग्निशमन दलाची गाडी सव्वासहाला आली. त्यांच्या भाषेत अशा फोनला वर्दी म्हणतात. निघण्याआधी मी प्रमुखांना वर्दीचा तपशील विचारून लिहून घेतला आणि नंतर केंद्रावर अर्ज देऊन त्या वर्दीचा दाखला मिळवला. पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला कागद हाच, कारण त्यात दिनांक, वेळ, जागा, झाड आणि दोन्ही गाड्यांचे नंबर सरकारी अक्षरात आहेत. पोलीस चौकीत साधी नोंदही केली. कोणी जखमी नसताना गुन्हा दाखल होण्याचा प्रश्न नव्हता, पण नोंद असलेली बरी.

एक चूक मी करता करता राहिलो. झाड निघाल्यावर गाडी आत घ्यावी म्हणून मी किल्ली लावायला गेलो होतो. गॅरेजवाल्या मिस्त्रींना फोन लागला होता, ते ओरडलेच, "अहो, चालू करू नका! आधी बॅटरीची वायर काढा." फुटलेल्या काचेतून डॅशबोर्डात पाणी गेलेलं असतं, टपाच्या पत्र्याखालच्या वायरी दबलेल्या असतात. बॅटरी सोडवली, आम्ही चौघांनी गाडी ढकलत आत घेतली आणि वर ताडपत्री बांधली. ताडपत्रीला विम्याच्या दृष्टीनंही अर्थ आहे. अपघातानंतर नुकसान वाढू नये म्हणून मालकानं वाजवी काळजी घ्यावी अशी अट प्रत्येक मोटार पॉलिसीत असते. रात्रभर पावसात उघडी ठेवलेली गाडी आणि त्यामुळे सडलेलं सीट यांचे पैसे कंपनी नाकारू शकते.

काकांची पॉलिसी

त्याच रात्री मेणबत्तीच्या उजेडात काका पॉलिसी घेऊन वर आले. "माझा इन्शुरन्स चालू आहे रे, गेल्याच महिन्यात भरलाय." मी कागद उलटून पाहिला. थर्ड पार्टी. मला ते त्यांना सांगताना फार वाईट वाटलं.

थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे, म्हणून तो पुष्कळांकडे असतो आणि म्हणूनच तो असला की आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. पण तो आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्या दुसऱ्याला पैसे देतो. झाडानं आपल्या गाडीचं नुकसान केलं तर त्यात एक रुपयाही नसतो. त्यासाठी ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो, एकतर सर्वसमावेशक पॉलिसीचा भाग म्हणून किंवा वेगळा घेतलेला. त्यात वादळ, पूर, वीज, आग, भूकंप, दरड, दंगल आणि बाहेरून झालेला कोणताही अपघात येतो. झाड पडणं यातच बसतं, वादळ असो वा नसो. भर उन्हात, वारा नसताना फांदी पडली तरी क्लेम होतो.

काकांनी बारा वर्षांच्या गाडीवर ओन डॅमेज घेतलं नव्हतं, यात त्यांची चूक काढता येणार नाही. गाडीची बाजारातली किंमत नव्वद हजारांच्या आसपास, महिन्यातून चारदा बाहेर काढायची, त्यावर दरवर्षी हप्ता का भरावा असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता, फक्त तो समजून उमजून केलेला नव्हता. एजंटनं "फुल पाहिजे की थर्ड पार्टी?" विचारलं आणि त्यांनी स्वस्त ते घेतलं.

माझ्याकडे सर्वसमावेशक पॉलिसी होती. त्या रात्री साडेसातला कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन केला, क्लेम नंबर घेतला आणि लगेच त्याच क्लेम नंबरनं एक ईमेल टाकला, फोटोंसह. फोनवर बोललेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी टो करून गॅरेजला नेली, 1,800 रुपये लागले. त्यातले 1,500 विम्यातून मिळाले, कारण साध्या पॉलिसीत गाडी उचलून नेण्याच्या खर्चाला एवढीच मर्यादा असते. रोड साइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर तेही लागत नाहीत.

टप बदलायचा की ठोकायचा

गॅरेजनं अंदाजपत्रक काढलं आणि तिसऱ्या दिवशी सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारे, आले. सर्व्हेअर येण्याआधी गाडी उघडू द्यायची नाही, हे मिस्त्रींना सांगावं लागत नाही, पण ओळखीच्या छोट्या गॅरेजात आवर्जून सांगावं. आदल्या दिवशी तिथल्या एका पोऱ्यानं मला हळूच सुचवलं होतं की मागचा बंपर आधीपासून चेपलेला आहे, तोही यातच टाकून देऊ. मी नाही म्हटलं. सर्व्हेअर आले आणि त्यांनी सगळ्यात आधी त्या बंपरवरच बोट ठेवलं. "हे जुनं आहे. इथे धूळ बसून काळी झाली आहे." मी म्हटलं, "हो, ते मागच्या दिवाळीतलं आहे, ते धरलेलंच नाही." त्यानंतर त्यांचा सूर बदलला, असं मला तरी जाणवलं.

वाद झाला तो टपावरून. सर्व्हेअरांचं म्हणणं, पत्रा ठोकून सरळ करता येईल. मिस्त्रींचं म्हणणं, बदलायलाच हवा. दोघांच्या मध्ये मी उभा होतो आणि मला यातलं काही कळत नव्हतं. मग मिस्त्रींनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी मोजपट्टी काढली आणि पुढच्या काचेच्या रिकाम्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट. मग चारही दारं उघडून लावून बघितली, दार आणि पिलर, म्हणजे टप तोलणारा खांब, यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत बोटानं तपासली. दोन्ही कर्ण जुळले, फटी सारख्या होत्या. म्हणजे पिलर शाबूत. गाडीचा सांगाडा वाकला असता तर प्रश्न टपाचा उरलाच नसता. पण टपाच्या पत्र्याला मधोमध घडी पडली होती, आणि घडी पडलेल्या जागी पत्रा ताणून पातळ झालेला असतो. तो ठोकला की दिसायला सरळ होतो, वरून पुट्टी भरतात, आणि दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज धरतो.

सर्व्हेअरांनी तरी अहवालात दुरुस्ती असंच लिहिलं. मी भांडलो नाही. घडीचे जवळून काढलेले फोटो आणि गॅरेजचं लेखी मत जोडून क्लेम नंबरवर ईमेल केला आणि पुन्हा पाहणी करावी अशी विनंती केली. पाच दिवसांनी टप बदलण्याला मंजुरी आली. आली नसती तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायचं होतं, आणि तिथे महिनाभरात समाधान झालं नसतं तर विमा लोकपालाकडे. लोकपालाकडे शुल्क नाही, वकील लागत नाही. लोकांना हा रस्ता माहीतच नसतो म्हणून सांगितलं.

रुपयांचा हिशेब

क्लेम मंजूर झाला म्हणजे सगळं बिल कंपनी भरते, असं मलाही वाटायचं. माझं बिल करांसह 88,500 रुपये झालं. कंपनीनं त्यातले 67,500 दिले. 21,000 माझ्या खिशातून गेले, आणि त्यातला बहुतेक भाग मी सहा महिन्यांपूर्वीच घालवून बसलो होतो.

घसारा, म्हणजे जुन्या भागाची घटलेली किंमत, गाडीच्या वयाप्रमाणे कापतात. धातूच्या भागांवर चौथं वर्ष संपून पाचवं चालू असेल तर 35 टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40, दहाच्या पुढे 50. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडी नवी असली तरी सरसकट 50 टक्के. काचेवर काहीच नाही. माझा टप, बॉनेट आणि डावा फेंडर मिळून 32,000 चे, त्यातून 11,200 गेले. आरसा, वायपरखालची पट्टी, छताचं अस्तर, रबरी बीडिंग अशा 11,000 च्या वस्तूंतून 5,500 गेले. पुढच्या काचेचे 9,500 पूर्ण मिळाले. मजुरीचे 16,000 पूर्ण मिळाले. रंगकामाचं बिल 20,000 चं. त्यातला पाव हिस्सा रंगाच्या सामानाचा धरतात आणि त्या पाव हिश्श्यावर 50 टक्के घसारा लावतात, म्हणजे 2,500 गेले. शिवाय 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे 1,000 रुपये सक्तीनं स्वतः सोसावे लागतात, आणि मोडक्या पत्र्याच्या भंगाराचे 800 वजा झाले.

घसाऱ्याचे मिळून 19,200 होतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं असतं तर हे सगळे मिळाले असते. आधीच्या वर्षापर्यंत ते माझ्या पॉलिसीत होतं. नोव्हेंबरच्या नूतनीकरणात साधारण 1,900 रुपये वाचतात म्हणून मी ते काढून टाकलं. "चार वर्षं एकही क्लेम नाही, कशाला?" असं मी तेव्हा बायकोला म्हणालो होतो.

क्लेम न करण्याचंही एक गणित आहे. सलग चार वर्षं क्लेम नसल्यानं मला ओन डॅमेजच्या हप्त्यावर 45 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे सवलत, मिळत होता, पुढच्या वर्षी तो 50 झाला असता. क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा 20, 25, 35, 45 अशी चढण चढावी लागते. म्हणजे 50 टक्क्यांवर परत पोचेपर्यंत पहिल्या वर्षी 50, मग 30, 25, 15 आणि 5, असे एकूण 125 टक्के आपण गमावतो. माझा बोनसआधीचा ओन डॅमेज हप्ता 7,000 च्या आसपास धरला तर पाच वर्षांत सुमारे 8,750 रुपये. तेव्हा नुसती एक काच किंवा आरसा गेला असेल, कंपनीकडून आठ-नऊ हजारच मिळणार असतील, तर क्लेम न केलेला बरा. माझ्या बाबतीत प्रश्नच नव्हता.

दुसरं टोकही सांगतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला तर कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. माझी आयडीव्ही 3,60,000, म्हणजे ती रेषा 2,70,000 वर होती. हप्ता कमी व्हावा म्हणून आयडीव्ही खाली लिहून घेणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वतःच्या पॉलिसीवर काढून बघावा.

पैसे महापालिकेकडून मिळतात का?

हा प्रश्न काकांसाठी खरा होता. त्यांच्या गाडीचा अंदाज 46,000 आला होता. सोसायटीतल्या प्रत्येकानं त्यांना सांगितलं, झाड सार्वजनिक आहे, भरपाई मागा.

याचं उत्तर एका जुन्या खटल्यात आहे. राजकोटमध्ये 1975 साली कामावर निघालेल्या एका माणसावर रस्त्याकडेचं झाड पडलं आणि तो गेला. खालच्या न्यायालयांनी कुटुंबाला भरपाई दिली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1997 साली तिथे महापालिकेला जबाबदार धरलं गेलं नाही. एवढ्या मोठ्या शहरातलं प्रत्येक झाड केव्हा पडेल याची पूर्वकल्पना पालिकेला होती असं म्हणता येत नाही, हा त्यामागचा विचार. माणूस गेला तिथे हे, तर गाडीचं काय होणार. पण त्याच विचाराची दुसरी बाजू अशी की पूर्वकल्पना होती हे दाखवता आलं तर दाव्यात जीव येतो. झाड धोकादायक आहे असं कोणीतरी तारखेनिशी लेखी कळवलं होतं आणि तरी काही झालं नाही, हे सिद्ध करणारा कागद हवा.

मी सोसायटीच्या कार्यालयातली फाइल काढली. गुलमोहर कलला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. चर खणला तेव्हा मुळं तुटली हे निदान दोघांनी पाहिलं होतं. वार्षिक सभेत विषय निघाला होता. "कळवलंय आपण," असं सेक्रेटरी खात्रीनं म्हणाले. फाइलमध्ये काहीच नव्हतं. कोणीतरी रस्त्यावर भेटलेल्या कर्मचाऱ्याला तोंडी सांगितलं होतं, तेच सगळ्यांच्या डोक्यात "कळवलंय" म्हणून बसलं होतं.

मग काकांनी दावा करायचा विचार सोडला. मिस्त्रींनी त्यांना वापरलेल्या सुट्या भागांच्या बाजारातून एक बॉनेट आणून दिलं, टप ठोकून दिला, काच नवी घातली. 24,000 रुपयांत गाडी उभी राहिली. बॉनेटचा रंग किंचित वेगळा दिसतो.

झाड सोसायटीच्या आवारातलं किंवा शेजारच्या बंगल्यातलं असतं तर बोलणी त्या मालकाशी झाली असती, आणि तिथेही मुद्दा हाच आला असता की त्याला आधी सांगितलं होतं का. विमा मात्र झाड कोणाचंही असलं तरी तसाच चालतो.

अर्ज

फाटकाच्या दुसऱ्या बाजूला एक पर्जन्यवृक्ष आहे, गुलमोहराच्या दुप्पट. त्याच चरानं त्याचीही मुळं तुटली आहेत. पावसानंतर मी खाली उभं राहून तो नीट पाहिला. बुडाशी एका बाजूला छत्र्या उगवल्या होत्या, कलाच्या उलट बाजूच्या मातीला भेग होती, शेंड्याकडे दोन फांद्यांना पालवीच नव्हती. आत कूज आणि मुळांची सैल झालेली पकड, दोन्ही यातून दिसतात.

महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडणं किंवा त्याची वाट्टेल तशी छाटणी करणं गुन्हा आहे, मग ते आपल्या आवारातलं का असेना. पण झाड मेलेलं, रोगट, वाऱ्यानं पडलेलं किंवा जिवाला आणि मालमत्तेला धोका असलेलं असेल तर परवानगी नाकारू नये, असंही तोच कायदा सांगतो. तेव्हा "परवानगी मिळत नाही" म्हणून गप्प बसायचं कारण नाही. आणि धोका दिसला की झाड तोडाच, असंही नाही. बहुतेक वेळा वजन कमी करणारी छाटणी आणि खोडाभोवतीचं सिमेंट काढणं एवढ्यानं झाड वाचतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश देताना खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं.

आम्ही अर्ज लिहिला. झाडाची जात, नेमकी जागा, खोडावर रंगवलेला वृक्षगणनेचा क्रमांक, काय काय दिसतं, आणि मागणी: तज्ज्ञाकडून पाहणी, छाटणी, आळं मोकळं करणं. सोबत फोटो, आणि गुलमोहराच्या त्या कापलेल्या मुळाचा, पट्टी ठेवलेला फोटोही. दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. पंधरा दिवसांनी पाहणी झाली. जूनच्या शेवटी छाटणी झाली, आणि पेव्हर ब्लॉक काढून चारही बाजूंनी माती मोकळी केली गेली. गुलमोहराच्या खड्ड्यात आता बहावा लावला आहे, तोही मोकळ्या आळ्यात.

पोच घेऊन मी परत आलो तेव्हा काका फाटकाशीच उभे होते. त्यांनी तो कागद हातात घेऊन पूर्ण वाचला, शिक्क्यावरची तारीख चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले, "याची एक झेरॉक्स मला दे." आता ती त्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डात असते, आरसी आणि पीयूसीच्या प्लास्टिकच्या पाकिटात. शेजारी नव्या पॉलिसीची प्रत आहे. या वेळी ओन डॅमेजसह.